तारेची कणगी आणि बटाट्याचे खरे माप

कुंपणाच्या जाळीचा सुमारे दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद तुकडा घ्यावा, तो गोल वळवून कडा तारेने बांधाव्यात, आतून भाताच्या पेंढ्याचे अस्तर द्यावे, मधे माती आणि कंपोस्टचे मिश्रण भरून त्यात बटाट्याचे चार कंद लावावेत. रोपे वर येतील तशी भर घालत जावी आणि हंगामाच्या शेवटी जाळी सोडून बटाटे वेचावेत. परसबागेतील बटाट्याची ही पद्धत सांगण्यास सोपी, करण्यास फारशी खर्चिक नसलेली आणि पाहणाऱ्याच्या मनात भरणारी आहे. धान्याची कणगी ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना तिचे रूप परकेही वाटणार नाही. पद्धतीविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो तिच्यासोबत सांगितल्या जाणाऱ्या उत्पादनाच्या आकड्यांवर. हे आकडे प्रामुख्याने अशाच कुटुंबांपर्यंत पोहोचतात, ज्यांच्याकडे जमीन सर्वांत कमी आणि चुकीच्या प्रयोगासाठी पैसाही सर्वांत कमी असतो.

या प्रश्नाचा विचार वाराणसीच्या संदर्भात करणे सोयीचे ठरते. उत्तर प्रदेश हे देशातील सर्वाधिक बटाटा पिकवणारे राज्य आहे. देशाच्या उत्पादनाचा जवळपास एक तृतीयांश वाटा या एका राज्याचा असतो. त्याच राज्यातील सरासरी वहिती खातेक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार अवघे ०.७३ हेक्टर होते. महाराष्ट्रात ते १.३४ हेक्टर होते. शहराच्या पश्चिमेकडील पट्ट्यात भाजीपाल्याची शेती दाट आहे आणि तिथेच शहंशाहपूर येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचा परिसर आहे. उलट जुन्या काशीच्या गल्ल्यांत, घाटांलगतच्या मोहल्ल्यांत, घराला अंगण असलेच तर ते दगडी फरशीचे असते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबांची वस्ती असलेले दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट हे भागही याला अपवाद नाहीत. माती असलेले लहान परस आणि माती नसलेले अंगण, अशी दोन्ही प्रकारची घरे एकाच शहराच्या परिघात आढळतात. तारेची कणगी यांपैकी कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम आकड्यांचा हिशेब. पाश्चात्त्य देशांतील बागकामविषयक लेखनातून पसरलेला एक दावा असा आहे की, ४ चौरस फूट जागेत उभ्या पेटीतून वा जाळीतून १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो बटाटा मिळतो. चार चौरस फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर. हेच प्रमाण हेक्टरला लावले तर उत्पादन १,२०० टनांच्या पुढे जाते. देशाची सरासरी हेक्टरी २५ टनांच्या आसपास आहे आणि उत्तम व्यवस्थापनाखालील शेतकरी ३५ ते ४० टनांपर्यंत पोहोचतात. तीसपट उत्पादन देणारी पद्धत खरोखर अस्तित्वात असती, तर ती परसबागेत राहिली नसती.

हा दावा अशक्य का आहे, हे समजून घेणे विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने उपयोगाचे आहे, कारण गच्चीवरील शेती, उभी शेती, पिशवीतील शेती अशा प्रत्येक नव्या पद्धतीला हीच फूटपट्टी लावता येते. बटाटा तयार होतो पानांत. जमिनीखाली तो केवळ साठवला जातो. चांगली वाढ झालेल्या पिकाची पाने एक चौरस मीटरवर पडणाऱ्या उन्हातून दिवसाकाठी साधारण २० ग्रॅम शुष्क पदार्थ तयार करतात. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. त्यामुळे ४५ किलो बटाट्यात ९ किलो शुष्क पदार्थ हवा. ०.३७ चौरस मीटर जागेवर रोज साडेसात ग्रॅम या दराने ९ किलो साठायला १,२०० दिवस, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. वाराणसीत बटाट्याला मिळणारा थंडीचा काळ जेमतेम चार महिन्यांचा आहे. मातीचे थर कितीही चढवले, तरी ऊन दुप्पट होत नाही.

मग कणगीतून खरोखर किती मिळावे? साठ सेंटिमीटर व्यासाच्या कणगीचा तळ ०.२८ चौरस मीटर भरतो. शेतातील सरासरी दराने एवढ्या जागेत ७०० ग्रॅम बटाटा येईल. प्रत्यक्षात कणगीतून दोन-अडीच किलो निघू शकतात आणि तेथेच पाहणाऱ्याची फसगत होते. तिप्पट उत्पादन मिळाले, असे त्याला वाटते. पण कणगीतील झाडे सरळ उभी राहत नाहीत. त्यांचा पाला कडेवरून चहूबाजूंनी ओसंडतो आणि साधारण १२० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. या वर्तुळाचे क्षेत्र १.१३ चौरस मीटर. त्याला शेताचा सरासरी दर लावला की उत्तर येते २.८ किलो. कणगीने काहीही वाढवलेले नसते. तिने फक्त शेजारच्या मोकळ्या जागेतील ऊन वापरलेले असते. म्हणूनच कणग्या एकमेकींना चिकटवून मांडल्या की सगळा डाव फसतो. दोन कणग्यांच्या मध्यांत किमान १२० सेंटिमीटर अंतर हवे. या हिशेबाने ३.६ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणात नऊ कणग्या मावतात आणि हंगामात २५ किलोच्या आसपास बटाटा अपेक्षित धरता येतो. रोज अर्धा किलो बटाटा लागणाऱ्या कुटुंबाची ती पन्नास दिवसांची बेगमी आहे. हा आकडा लहान असला तरी खरा आहे आणि फरशीच्या अंगणातून तो मिळणार असेल तर क्षुल्लकही नाही.

दुसरा गैरसमज भर घालण्याविषयीचा. रोप वाढेल तशी माती चढवत गेल्यास प्रत्येक थरात बटाट्यांचा नवा मजला तयार होतो, असे चित्र रंगवले जाते. बटाट्याच्या जमिनीखालील खोडाच्या पेरांतून आडव्या, पांढऱ्या फांद्या निघतात आणि त्यांची टोके फुगून कंद होतात. हे काम लागवडीनंतर साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. कुफरी चंद्रमुखीसारखा ७५ ते ८० दिवसांत काढणीला येणारा वाण असो किंवा पूर्वेकडे आवडीने खाल्ला जाणारा लाल सालीचा, उशिराचा कुफरी सिंधुरी असो, कंदांचा मुख्य झुबका बेण्याच्या आसपास आणि त्याच्या थोडा वरच बसतो. एकदा कंद फुगू लागले की वर टाकलेल्या मातीतून नवे मजले उभे राहत नाहीत. उलट उत्साहाच्या भरात हिरवी पाने गाडली जातात. म्हणजे ज्या कारखान्यात बटाटा तयार होतो तोच बंद केला जातो. पहिल्या महिन्याभरात दोनदा मिळून वीतभर भर पुरेशी आहे. कंद उघडे पडून हिरवे होऊ नयेत, एवढेच तिचे प्रयोजन.

यावरून कणगीच्या उंचीचाही निकाल लागतो. पाऊण मीटर उंच कणगी काठोकाठ भरायला २१० लिटरहून अधिक मिश्रण लागते. नऊ कणग्यांचे १,९०० लिटर होतात. एवढे शेणखत आणि कंपोस्ट ज्या घरी सहज उपलब्ध असते, त्या घरी बहुधा जमीनही असते. पाणी दिल्यानंतर अशा एका कणगीचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते. जुन्या घराच्या गच्चीवर ते चढवण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. गुडघाभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या कणगीत हेच उत्पादन सुमारे १२५ लिटर मिश्रणात मिळू शकते. कमरेइतक्या उंच कणगीचा उपयोग छायाचित्रापुरताच.

मर्यादित जागेतील भाजीपाल्याचे दावे कसे मांडावेत, याचा उत्तम नमुना वाराणसीतच आहे. भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने टोमॅटोचे कलम बटाट्यावर बांधून ‘पोमॅटो’ यशस्वी करून दाखवला आणि त्यानंतर एकाच झाडावर वांगी व टोमॅटो देणारा ‘ब्रिमॅटो’ तयार केला. वांग्याच्या खुंटावर काशी संदेश हे वांगे आणि काशी अमन हा टोमॅटो अशी ही दुहेरी कलमे होती. संस्थेने जाहीर केलेले उत्पादन एका झाडामागे टोमॅटो २.३८३ किलो आणि वांगी २.६८४ किलो असे होते. तीन दशांश स्थळांपर्यंतची ही काटेकोर नोंद शहरी आणि जागेची टंचाई असलेल्या घरांसाठी सुचवलेल्या तंत्राबाबत आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. गच्चीवरील कुंडीसाठी काम करतानाही मोजमाप सैल करण्याचे कारण नाही, हा धडा या प्रयोगातून घेता येतो. कलम बांधण्याइतके कौशल्य प्रत्येक घरी असणार नाही. तराजू मात्र असू शकतो.

आता कणगीचे व्यवहारातील गुणदोष. वाराणसीत बटाट्याची लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होते. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली उतरले की कंदधारणा चांगली होते. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते आणि मार्चमध्ये जाळीच्या कणगीचे हाल सुरू होतात, कारण शेतातील वरंबा वरूनच तापतो तर कणगी चारही बाजूंनी. त्यामुळे कणगीसाठी लवकर येणारा वाण घ्यावा आणि फेब्रुवारीअखेर ती रिकामी करावी. हंगाम थोडा लांबण्याची शक्यता असेल तर २००६ मध्ये प्रसारित झालेला, उष्णता सहन करणारा कुफरी सूर्या हा वाण विचारात घेता येतो.

पाणी हा कणगीचा सर्वांत कच्चा दुवा. वरून ओतलेले पाणी मिश्रणात मुरण्याऐवजी कडेच्या पेंढ्यातून बाहेर पळते. वरची चार बोटे ओली आणि गाभा कोरडा, अशी अवस्था होते. लागवडीच्या वेळीच मधोमध छिद्रे पाडलेला पाइपचा तुकडा उभा पुरून त्यातून पाणी दिल्यास ते गाभ्यापर्यंत पोहोचते आणि पानेही कोरडी राहतात. पाने कोरडी ठेवणे गंगेच्या खोऱ्यात फार महत्त्वाचे आहे. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुके आणि ढगाळ हवा उशिरा येणाऱ्या करप्याला पोषक असते आणि एकदा हा रोग शिरला की आठवडाभरात सगळा पाला काळा पडू शकतो. कणगीतील पाला बाहेर लोंबत असल्याने त्यात हवा खेळती राहते, ही जमेची बाजू. जाळीलगतचे कंद मात्र उजेडाने हिरवे होतात. हिरव्या बटाट्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्ये वाढतात, त्यामुळे ते खाण्यात येता कामा नयेत. पेंढ्याचे अस्तर चार बोटे जाड ठेवावे किंवा बाहेरून गोणपाट गुंडाळावे. तारच हवी असाही हट्ट नको. बुरुडाकडून विणून घेतलेला बांबूचा तट्टा एक-दोन हंगाम टिकतो, उजेड अडवतो आणि तारेसारखा तापत नाही. पूर्व उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रातही हे कसब अद्याप गावात आहे. त्याला काम मिळाले तर वाईट काय?

फरशीचे अंगण, मुरमाड वा पाणी साचणारी जागा, भाड्याचे घर, वाकून खुरपणे न झेपणारी वृद्ध माणसे, अशा ठिकाणी कणगी योग्य आहे. मुलांना पिकाची वाढ दाखवण्यासाठी शाळेच्या आवारातही ती चांगली. पण ज्या घराला अर्धा गुंठा का होईना मातीची जागा आहे, तेथे विस्तार कार्यकर्त्याने कणगीची शिफारस करू नये. तेथे कणगीतील तार काढून टाकावी आणि पेंढा मात्र ठेवावा.

ही सूचना हवेतील नाही. पश्चिम बंगालमधील सुंदरबनात भातकापणीनंतर जमीन ओली आणि पुढे खारवट होत असल्याने मशागत करून बटाटा लावणे शक्य होत नसे. तेथे भारतीय आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शेतकऱ्यांसमवेत विनामशागत बटाट्याची पद्धत बसवली: भात निघताच ओलसर जमिनीवर बेणे ठेवायचे, थोडे खत-माती घालायची आणि वर पेंढ्याचा जाड थर पसरायचा. नांगरट नाही, भर नाही, पाणी कमी. काढणीच्या वेळी पेंढा बाजूला सारला की बटाटे मातीवरच बसलेले दिसतात. क्षारही पृष्ठभागावर कमी येतात. वाराणसीच्या परिसरातही भातानंतर बटाटा घेतला जातो आणि पेंढ्याची विल्हेवाट हा तेथे दरवर्षीचा प्रश्न असतो. परसातील चार वाफ्यांवर हा पेंढा अंथरला तर तार, कोकोपीट, मिश्रण या सगळ्या खर्चाला फाटा मिळतो. कणगीत जे काही चांगले घडते त्यातील बरेचसे पेंढ्यामुळे घडते; श्रेय मात्र जाळी घेऊन जाते.

महाराष्ट्रात ही पद्धत उतरवताना थोडा विवेक लागेल. कोकणात आणि मावळात भाताचा पेंढा हा जनावरांचा चारा आहे. तो बटाट्यावर पसरायला सांगणारा कार्यकर्ता गोठ्याकडे न पाहता बोलतो आहे, असेच लोक म्हणतील. तेथे झाडांचा पालापाचोळा, तर ऊसपट्ट्यात पाचट वापरता येईल. कोरड्या भागात अशा आच्छादनाखाली वाळवी लागते आणि उंदीर-घुशींना आयता आसरा मिळतो, हेही आधीच सांगून टाकलेले बरे. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यातील रात्री पुरेशा थंड नसतात; तेथे बटाट्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारख्या भागात बटाटा खरिपात घेतला जातो. पावसाळी हवेत कणगीचा निचरा वरंब्यापेक्षा सरस ठरेल, मात्र करप्याचा धोका तेवढाच राहील. मराठवाडा आणि विदर्भातील परसबागांसाठी रब्बीचेच वेळापत्रक धरावे. उन्हाळ्यात कणगीत बटाटा लावण्याचा प्रयोग कोणी करू पाहत असेल, तर त्याला वेळीच रोखावे.

या सर्व चर्चेत जी गोष्ट बहुधा मागे पडते ती बेण्याची. नऊ कणग्यांना प्रत्येकी चार कंद, दर कंद ४० ते ५० ग्रॅमचा, म्हणजे एकूण दीड-पावणेदोन किलो बेणे लागते. बाजारात प्रमाणित बेणे मिळते ते गोणीने. परिणामी परसबाग करणारे कुटुंब भाजीचा बटाटा आणून लावते. तो विषाणूग्रस्त असू शकतो. शीतगृहात मोड येऊ नयेत म्हणून त्यावर सीआयपीसीची प्रक्रिया झालेली असेल तर तो उगवतही नाही, आणि दोष कणगीवर किंवा नशिबावर जातो. घरचे बेणे राखणेही सोपे नाही. फेब्रुवारीत काढलेला बटाटा ऑक्टोबरपर्यंत, उत्तरेतील उन्हाळ्यातून, शीतगृहावाचून टिकत नाही. शिवाय बेण्याचे पीक मावा कमी असतानाच पूर्ण करावे लागते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत डॉ. पुष्करनाथ यांनी हेच सूत्र धरून मैदानी प्रदेशासाठी बेणे-उत्पादनाची पद्धत घालून दिली: ऑक्टोबरमध्ये लागवड आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, मावा वाढण्यापूर्वीच, पाल्याची छाटणी. खाण्यासाठी फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढू दिलेल्या कणगीतून असे बेणे मिळणार नाही.

जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आग्रा जिल्ह्यातील सिंगना येथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राचे दक्षिण आशियाई प्रादेशिक केंद्र स्थापन करण्यास मंजुरी दिली, त्यासाठी १११.५ कोटी रुपयांची तरतूद आहे. बेणे, प्रक्रिया, साठवण आणि निर्यात या मोठ्या प्रश्नांवर तेथे काम होईल आणि ते व्हायलाच हवे. दोन किलोच्या बेण्याचा प्रश्न मात्र इतक्या मोठ्या व्यवस्थेची वाट पाहण्याजोगा नाही. कृषी विज्ञान केंद्राने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने प्रमाणित बेण्याच्या काही गोण्या घेऊन त्या दोन-दोन किलोंच्या पिशव्यांत बांधल्या, पिशवीवर वाण आणि लागवडीची तारीख छापली, तर परसबागेच्या जाळी-वाटपाच्या योजनांपेक्षा अधिक काम होईल. पिशवीसोबत एक कोरा तक्ता द्यावा: किती बेणे लावले, किती मिश्रण लागले, पाला किती रुंद पसरला, किती किलो निघाले. शंभर घरांतील असे तक्ते जमले की कणगी कोठे चालते आणि कोठे नाही, हे त्या जिल्ह्यापुरते तरी ठरवता येईल.

वाराणसीच्या हंगामासाठी हे वाटप दसऱ्याच्या सुमारास पूर्ण व्हायला हवे. शीतगृहातून काढलेले बेणे लगेच लावल्यास सडण्याचा धोका असतो. आठ-दहा दिवस ते सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवावे आणि जाड, आखूड मोड दिसू लागल्यावर, कंद न कापता, लावावे.